म्हैस वर येते तेव्हा

पुण्याहून आलेल्या पेन ड्राइव्हमध्ये
तीन मिनिटं अकरा सेकंदांची एक म्हैस होती.
डबा आमच्याच मंगळवार पेठेतला, कुणाच्या तरी माळ्यावरचा,
उघडला तेव्हा व्हिनेगरचा उग्र वास
आणि रीळ काकवीसारखी चिकट.
आता धुऊनपुसून, बुरशी काढून, चरे बुजवून
ती म्हैस पुन्हा रंकाळ्यात शिरते, बुडते,
आणि शिंगांत चंद्र अडकवून वर येते.
मी पाच वेळा बघितलं. मग कुमुदला सांगायला बसलो.

"सांगू नको," ती म्हणाली. "हातात दे."

कुमुद पोवार. बँकेत टेलिफोनवर.
शाखांचे सगळे नंबर तोंडपाठ,
डोळे सातव्या वर्षी गोवरानं नेले.
मी लक्ष्मीपुरीत स्क्रीन प्रिंटिंगवाला.
निवडणुका, कुस्त्या, भावी नगरसेवकांचे वाढदिवस,
आजवर जे जे छापलं ते सगळं सपाट.

पहिल्या पोस्टरवर मी जाड शाईनं सगळंच उठवलं:
पाणी, घाट, झाडं, संध्यामठ, वर ढगसुद्धा.
तिनं बोट टेकवलं, दोन इंच गेली, थांबली.
"अंबाबाईच्या रांगेत उभं केलंस की रे बोटाला.
म्हैस कुठाय?"

मग तातोबा सातपुत्यांकडं गेलो.
चाळीस वर्षं चपला. त्यांनी कातड्याचा एक तुकडा उचलला,
उलटा केला, सुलटा केला.
"हे म्हशीचंच हाय," एवढंच बोलले,
आणि रापीनं पाठ कापली.
त्यानंतर बराच वेळ दुकानात कुणी काही बोललं नाही.

पाणी शेवंताकाकूंनी केलं.
अंगठ्याजवळ घालतात ती बारीक वेणी,
इथं आडवी, ओळीवर ओळ, काठाकडं सैल.
कुमुदनं हात फिरवला. "वारा कुठल्या बाजूचा?"
काकूंनी जरा विचार केला
आणि तीन ओळी उसवल्या.

"पण ही हलत नाही."
हे तिनं तिसऱ्या आठवड्यात म्हटलं, चहा गार झाल्यावर.
मी म्हटलं, पोस्टर आहे, कसं हलणार?
"सिनेमात तू बसून राहतोस, चित्रं पळतात.
इथं चित्रं बसू देत. मी पळते."

म्हणून मग सोळा म्हशी.
एका ओळीत, प्रत्येक आधीच्यापेक्षा जवभर खोल.
पोट गेलं, पाठ गेली, वशिंडासारखा उंचवटा,
मग नुसती शिंगं, मग शिंगांची टोकं.

"आणि चरे? बुजवले म्हणालास. होते कुठं?"
मी जागा दाखवली.
"एक ठेव. नाहीतर जुनं आहे हे कळायचं कसं?"
तातोबांनी नखाएवढी एक रेघ ओढली,
ओढताना त्यांचाच हात कचरला.

आणि त्या नऊ चौकटी, ज्या सापडल्याच नाहीत.
बुडाल्यानंतरच्या, चंद्राच्या आधीच्या.
पुण्यात तिथं काळं ठेवलंय.
"काळं काय असतं ते मला विचारू नको," ती हसली.
"कोरं ठेव. चार बोटं कोरं."

त्यानंतर चंद्र.
उद्यमनगरातून आणलेली पितळेची चकती,
फाउंड्रीतल्या पोरानं पॉलिश न करता दिलेली.
उबदार कातड्यावरून येणाऱ्या बोटाला
ती एकदम गार लागते.

पोस्टर पुरं झालं त्या संध्याकाळी
तातोबांनीही डोळे मिटून हात लावला
आणि काढून घेतला.
आरीनं त्यांच्या बोटांची टोकं कधीच मेलीत.
"मला न्हाई कळत, पोरी."
कुमुदनं त्यांचं मनगट धरलं, उलटं केलं,
आतल्या मऊ कातडीनं ओळीवरून नेलं,
सावकाश. शिंगं. टोकं. ती रेघ.
मग कोरं. तिथं दोघांचाही श्वास
मला ऐकू आला नाही.

"आली वर," तातोबा म्हणाले,
आणि मनगट तिथंच ठेवून बसले,
पितळ गरम होईपर्यंत.